31 मे, रात्री बाराच्या आत

सकाळी 6.50

नळाला करंगळीएवढी धार. महापालिकेची पाच टक्के पाणीकपात आदल्याच दिवशी, 30 मे 2024 ला सुरू झाली होती, आणि चकाल्यातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर पाच टक्के म्हणजे निम्मं पाणी गायब. बादली भरेपर्यंत हाताला काही काम हवं म्हणून टीव्हीखालच्या खणातली निळी फाईल उघडली. वर लाइटची बिलं, त्याखाली गॅसचं पुस्तक, तळाशी अ‍ॅग्रीमेंट. पान तीनवर मुदत लिहिलेली: 11 महिने, 1 जुलै 2023 पासून 31 मे 2024 पर्यंत.

म्हणजे आज.

चौघांपैकी एकालाही हे ठाऊक नव्हतं. घरात जुलैत आलो, तर जूनच्या शेवटी कधीतरी संपणार, असा आमचा सरळ हिशेब. अकरा महिन्यांच्या वर्षात एक महिना कमी असतो, एवढं साधं गणित चार इंजिनिअरांना जमलं नाही. ब्रोकरला महिनाभर विचारत होतो, कागदांचं कधी करायचं? त्याचं एकच उत्तर, "होऊन जाईल, मी आहे ना."

सकाळी 8.20

ब्रोकरचा व्हॉइस मेसेज. मागे रिक्षाचे हॉर्न. "शेठ, आज आपलं रिन्युअल. माझं नेहमीसारखं अर्ध्या महिन्याचं, साडेसत्तावीस हजार. नवीन पोराचं वेगळं, त्याच्या वाटणीचं पूर्ण महिन्याचं. रात्री बाराच्या आत मिटवा, नाहीतर उद्यापासून तुम्ही इल्लीगल. सोसायटी गेटवर अडवणार. काकांना फोन करू नका, त्यांना बीपी आहे. माझ्याशीच बोला."

नवीन पोरगा म्हणजे आमच्यातल्या जाणाऱ्याच्या जागी येणारा. काका म्हणजे घरमालक, राहायला मुलुंडला. अकरा महिन्यांत आमचं त्यांच्याशी दोनदा बोलणं झालेलं, दोन्ही वेळा गिझरबद्दल.

सकाळी 9.40

चकाला मेट्रोच्या फलाटावर उभा राहून मी मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर हिशेब मांडला. भाडं 52 हजारांवरून 55 हजार होणार, हे सगळ्यांना मान्य होतं. डिपॉझिट दोन लाख, ते तसंच राहणार. सरकारला काय द्यायचं? अकरा महिन्यांचं भाडं 6,05,000. त्यात डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के दराने धरलेलं व्याज, अकरा महिन्यांचं 18,333. या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे साधारण साडेपंधराशे. नोंदणी फी हजार रुपये. वर थंबवाल्याची मजुरी.

आणि ब्रोकरचे साडेसत्तावीस हजार, अधिक नव्या मुलाचे 13,750. एकूण 41,250. कशाबद्दल? आम्ही ज्या घरात आधीच राहत होतो, ते घर आम्हाला पुन्हा शोधून दिल्याबद्दल.

सकाळी 11.15

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिली ठिणगी. आमच्यात नावांपेक्षा गावं चालायची. मी कराडकर, नाशिककर आणि लातूरकर माझ्यासारखेच राहणारे, नागपूरकर जाणारा. त्याला सोमवारी, 3 जूनला, हिंजवडीत रुजू व्हायचं होतं. नाशिककराने विचारलं, रिन्युअलचे चार भाग करायचे ना? नागपूरकराने लिहिलं, "मी कायले देऊ बे? मी तर चाललो." त्याचं बरोबर होतं. लातूरकर म्हणाला, मग तुझ्या जागी येणारा देईल. नव्या मुलाने तिकडून कळवलं, मी माझे 13,750 वेगळे देतोय, पुन्हा तुमच्या अर्ध्यात कशाला? त्याचंही बरोबर होतं.

असं सगळ्यांचं बरोबर असलं की मी घाबरतो.

दुपारी 1.10

डबा बाजूला ठेवून मी कायदा वाचायला बसलो. ही अकरा महिन्यांची भानगड मुळात आली कुठून, हे त्या निमित्ताने पहिल्यांदा नीट कळलं. देशाच्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची. म्हणून वर्षाच्या आत राहण्याची ही सवय. त्यात मुंबईच्या मालकांना 1973 चा चटका बसलेला. त्या वर्षीच्या 1 फेब्रुवारीला जे लोक नुसत्या लिव्ह अँड लायसन्सवर घरात राहत होते, त्यांना मुंबई भाडे कायद्यातल्या दुरुस्तीने थेट भाडेकरू करून टाकलं. पाहुणा म्हणून घेतलेला माणूस एका रात्रीत घरचा झाला. मालकांनी कानाला खडा लावला तो आजतागायत.

गंमत पुढेच आहे. 31 मार्च 2000 पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे मुदत कितीही असो, अकरा महिने की अकरा दिवस, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे नोंदणी टाळण्यासाठी अकराच महिने, हे कारण मुंबईत केव्हाच मेलं. दोन वर्षांचा करार केला, तीन वर्षांचा केला तरी चालतो, दरवर्षीची भाडेवाढ त्यातच लिहिता येते. पण मग दर अकरा महिन्यांनी ब्रोकर काय खाणार?

एवढं वाचून थांबलो असतो तर शहाणा ठरलो असतो. पुढे कलम 24 दिसलं: मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने नुकसानभरपाई. 52 हजारांचे 1,04,000 झालेले डोळ्यांसमोर आले आणि भूक मेली. खरं तर ते कलम मालकाने घर मागितलं आणि आपण अडून बसलो तर लागायचं. इथे मालकाला आम्ही हवेच होतो. सही झाल्यावर नोंदणीला चार महिन्यांची सवड असते, हेही त्याच कायद्यांच्या ढिगाऱ्यात लिहिलेलं आहे. मला ते कळलं मंगळवारी.

दुपारी 3.35

थंबवाल्याचा फोन. हा माणूस लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र पाठीवर घेऊन घरोघरी फिरतो. आधारशी अंगठा जुळला, फोटो निघाला की झालं. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत तिष्ठायला नको. आमचा थंबवाला डोंबिवलीचा. आणि मध्य रेल्वेने आदल्या मध्यरात्रीपासून ठाण्यात 63 तासांचा ब्लॉक घेतलेला, पाच नंबरचा फलाट रुंद करायला. तीन दिवसांत 930 लोकल रद्द. "साहेब, मुंब्र्याच्या पुढे गाडी मुंगीसारखी चाललीय. आज माझं काही खरं नाही. मंगळवारी चालेल?"

मी ब्रोकरला कळवलं. तो म्हणाला, थंब नंतर झाला तरी मी सांभाळतो, पेमेंट मात्र आजच. या वाक्यात सगळं प्रकरण उघडं पडलं होतं. कलम 24 डोक्यात घोळत असल्यामुळे मला ते दिसलं नाही.

संध्याकाळी 6.05

लवकर निघून सोसायटीच्या ऑफिसात गेलो. सेक्रेटरी सज्जन आहेत, फक्त त्यांना नियम आवडतात. नवीन मुलाची मुलाखत रविवारीच होईल. बॅचलर आहे, गावाकडच्या पोलीस ठाण्यात काही नाही ना? सामान हलवायचे दोन हजार. रात्री आठनंतर लिफ्टमधून सामान नाही.

दोन हजारांची पावती मिळेल का, असं विचारलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. भाड्याने दिलेल्या घरावर सोसायटीने मालकाकडून घ्यायचा ना-वहिवाट आकार सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये, असा सरकारी आदेश 1 ऑगस्ट 2001 चा आहे. तो लागू झाल्यापासून बऱ्याच सोसायट्यांनी भाडेकरूंसाठी नवी शीर्षकं शोधली: येण्याचे, जाण्याचे, लिफ्टचे. पावती मिळाली. तिच्यावर लिहिलं होतं, ‘ऐच्छिक’.

संध्याकाळी 7.10

इथे थोडं थांबून डिपॉझिटचं सांगायला हवं, कारण आमचं घर फुटलं ते त्यावर.

काकांकडचे दोन लाख 2019 पासून जागचे हललेले नाहीत. माणसं बदलत गेली. जाणाऱ्याला त्याचे पन्नास हजार मालक देत नाही, येणारा देतो. मी माझे पन्नास एका जळगावच्या मुलाला दिले, त्याचं तोंडही पाहिलं नव्हतं. त्याने आधीच्या कुणाला दिले असतील. खो-खोसारखा खेळ आहे, पाठीवर थाप बसल्याशिवाय उठायचं नाही. त्यामुळे नवा मुलगा पैसे देईपर्यंत नागपूरकराचे पन्नास अडकलेले. नव्या मुलाला ब्रोकरने बजावलेलं, माझं ब्रोकरेज आल्याशिवाय कुणाला एक रुपया द्यायचा नाही. नागपूरकराने पुण्यात पाहिलेल्या खोलीचा मालक म्हणत होता, उद्या सकाळी डिपॉझिट नाही तर खोली दुसऱ्याला. आणि खाली पुण्याला जाणारा टेम्पो उभा, ड्रायव्हर दर दहा मिनिटांनी वेटिंगचा भाव सांगतोय.

आठला पन्नास मिनिटं कमी. लिफ्टच्या दारात नागपूरकराची गादी अडकलेली. नाशिककर वर फ्रिजचा हिशेब काढत होता: चौघांनी मिळून 22 हजारांना घेतला, अकरा महिने वापरला, मग तुझे आता किती? नागपूरकर म्हणाला, फ्रिज ठेवा, मले पन्नास द्या. लातूरकर म्हणाला, आमच्याकडे महिनाअखेरीला पन्नास असते तर आम्ही चकाल्यात राहिलो असतो का?

मग नागपूरकर स्वयंपाकघरात गेला आणि कुकर घेऊन आला. कुकर त्याच्या आईने दिलेला, त्याचाच होता. आत सकाळचा भात होता. त्याने तो शांतपणे ताटलीत काढला, ताटली ओट्यावर ठेवली, कुकर विसळला, पुसला, शिट्टी खिशात टाकली आणि कुणाकडेही न बघता खाली गेला. वाद घातला असता तर बरं झालं असतं.

7.56 ला टेम्पो गेला. ग्रुपवर ओळ उमटली: नागपूरकर बाहेर पडला.

रात्री 9.05

काकांचा फोन बंद. मी ठरवलं, मुलुंडला जायचं. बीपी असो वा नसो.

रात्री 9.50

घाटकोपर. मेट्रोतून उतरून रेल्वेच्या पुलावर आलो आणि तिथेच खिळलो. ब्लॉकमुळे स्लो गाड्या धरायला सगळी उपनगरं जणू या पुलावर आलेली. पाऊल उचललं तर ठेवायला जागा नाही. एक बाई डोक्यावर टोपली सांभाळत म्हणत होती, "ढकलू नका, खाली अंडी आहेत." खाली म्हणजे टोपलीत. मुलुंडची गाडी इंडिकेटरवर दिसायची आणि पुसली जायची.

खिशात फोन थरथरला. नवा मुलगा: "दादा, सॉरी. साकीनाक्यालाच दुसरी रूम मिळाली. तिथे ब्रोकर नाही." त्याला दोष कसा द्यायचा? मी त्याच्या जागी असतो तर दुपारीच पळालो असतो.

पाठोपाठ ब्रोकर: "शेठ, दोन तास राहिले. नवीन पोराचं सोडा. तुमचं साडेसत्तावीस टाका, मी सोसायटीला सांभाळून घेतो."

या धंद्याचं भांडवल घर नाही, चावी नाही, ओळखीही नाहीत. भांडवल म्हणजे शेवटचे सहा तास. मे महिन्याच्या दहा तारखेला हाच माणूस साडेसत्तावीस मागता, तर आम्ही हसलो असतो आणि पाच हजारांत चहा पाजून मिटवलं असतं. म्हणून तर महिनाभर "होऊन जाईल".

रात्री 10.12

तिघांचे 9,167 प्रमाणे एकत्र करून, घाटकोपरच्या पुलावर एका हाताने कठडा धरून मी पैसे पाठवले. हिरवी खूण आली. मागच्या माणसाचा कोपर पाठीत बसला.

रात्री 11.25

परतीच्या मेट्रोत काकांचा फोन. लग्नाला गेले होते, फोनची बॅटरी संपलेली. आवाज ठणठणीत.

"अरे, घाई कसली? मी मेच्या पहिल्याच आठवड्यात त्याला सांगितलं, 55 ठीक आहे, मुलं चांगली आहेत, सह्या निवांत करू. चार दिवस इकडे-तिकडे झालं तर मी काय तुम्हाला बाहेर काढणार आहे?" मग थोडं थांबून, "तुमच्याकडून काही घेतलं नाही ना त्याने? माझ्याकडून अर्ध्या महिन्याचं नेलं. म्हणाला, पोरं नोकरीला नवी आहेत, त्यांच्याकडून घेत नाही."

मी म्हणालो, नाही, विशेष काही नाही. का म्हणालो, ते मला अजून सांगता येत नाही. बीपी खरंच असतं तर, असा विचार आला असावा.

"बरं, उद्या या तिघे जेवायला. माझा वाढदिवस. म्हणजे मास्तरांनी लावलेला."

रात्री 12.00

1 जून. शाळेत नाव घालताना मास्तरांनी ठोकून दिलेला, निम्म्या महाराष्ट्राचा कागदोपत्री वाढदिवस. याच तारखेला, 2015 मध्ये, जर्मनीत नियम लागू झाला की भाड्याच्या घरासाठी ज्याने दलाल बोलावला त्यानेच त्याचे पैसे द्यायचे. याच तारखेला, 2019 मध्ये, इंग्लंडमध्ये भाडेकरूकडून करार नव्याने करण्याची फी घेण्यावर बंदी आली. दोन्ही मी नंतर वाचलं, लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी, 4 जूनला, टीव्हीवर आकडे चालू असताना, थंबवाला लातूरकराचा अंगठा तिसऱ्यांदा पुसून यंत्रावर ठेवत होता तेव्हा. नव्या कागदावर तीन नावं होती आणि भाडं माणशी 18,333. नागपूरकराचे पन्नास हजार आम्ही तीन हप्त्यांत दिले. त्याने प्रत्येक वेळी फक्त अंगठा पाठवला.

त्या रात्री मात्र घरी येऊन, ओट्यावरच्या ताटलीतला भात पातेल्यात गरम करता करता, मी ब्रोकरला एकच मेसेज टाकला: पावती मिळेल का?

12.04 ला उत्तर आलं. "पावती कसली शेठ, आपण घरचीच माणसं."

खाली त्याचं नवं स्टेटस दिसत होतं. केक, मेणबत्त्या आणि काकांचा हसरा फोटो.