राजवाड्यातला दरबार आणि आपला हॉल

गेल्या दिवाळीच्या आधी आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये हस्तकलेचं छोटं प्रदर्शन भरलं होतं, ते बहुतेकांना आठवत असेल. सहा टेबलं, त्यांवर पांढऱ्या चादरी. कुणाच्या क्रोशाच्या रुमाली, कुणी रंगवलेल्या पणत्या, कुणी केलेल्या कापडी पिशव्या. विकणारे आपलेच आणि घेणारेही आपलेच. मी एका टेबलाशी उभा होतो. एक गृहस्थ तोरण हातात घेऊन म्हणाले, "एवढे? स्टेशनबाहेर याच्या निम्म्यात मिळतं." तोरण खाली ठेवून ते पुढे गेले. ते करणाऱ्या काकू काही बोलल्या नाहीत, तोरण नीट सरळ करून ठेवलं एवढंच.

त्यांना मी बोल लावत नाही. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मीही असंच एक काम केलंय, तेही स्वतःच्या घरात. स्मरणिकेसाठी "काहीतरी ऐतिहासिक लिहा" असं संपादक मंडळाने सांगितलं, तेव्हा मला माझ्या गावाचा, म्हणजे सावंतवाडीचा, इतिहास आठवला तो त्यामुळेच.

आमच्या आजीकडे एक लाकडी डबी होती. सरकतं झाकण, वर वेलबुट्टी. आत गोल गोल पत्ते, लाखेने चकचकीत केलेले. ती गंजिफा. आम्ही मुलं धावत गेलो की आजी म्हणायची, "हात धुवन ये आधी, मगे पानांक हात लाव." दशावतारी गंजिफेत १२० पानं असतात. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा, अशी बारा पानं. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू. पाच रंगांत दश्शी मोठी, तर उरलेल्या पाचांत एक्का मोठा, त्यामुळे नवशिक्याचा गोंधळ ठरलेला! दिवसा खेळायला बसलं तर ज्याच्याकडे राम त्याची उतारी, आणि दिवेलागणीनंतर ज्याच्याकडे कृष्ण त्याची. आजीला हे सगळं तोंडपाठ. आम्हाला मात्र साधा बदाम सात बरा वाटायचा.

गंजिफा मुळात आपल्याकडची नाही. हा खेळ इराणकडून मोगलांबरोबर आला. बाबराने १५२७ साली सिंधमधल्या एका मित्राला गंजिफेचे पत्ते पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अकबराच्या दरबारातल्या पत्त्यांचं वर्णन अबुल फजलने आईन-ए-अकबरीत केलंय. मोगल गंजिफा आठ रंगांची, ९६ पानांची. तीच पुढे आपल्या लोकांनी आपली करून घेतली. रंगांच्या जागी अवतार आले आणि दरबाराचा खेळ ओटीवर आला. बंगालमध्ये बिष्णुपूरला आणि ओडिशातही असे गोल पत्ते झाले, पण मराठी मुलखात नाव झालं ते सावंतवाडीचं.

तिथल्या राजवाड्याचं बांधकाम तिसऱ्या खेम सावंतांच्या कारकिर्दीतलं, म्हणजे १७५५ ते १८०३ या काळातलं. त्यांना विद्येची आणि कलेची आवड होती. त्यांच्याच आश्रयाने गंजिफा सावंतवाडीत रुजली, असं गावात सांगतात. गावातली चितारआळी ही या कामाची आळी. चितारी मंडळी नुसते पत्ते करत नसत. पाट, देव्हारे, पाळणे, पाळण्यावरची चिमणी-पाखरं, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची खेळणी, आणि ती प्रसिद्ध लाकडी फळं. ती फळं बघून पाहुण्याने खरी समजून हात घालावा आणि घरच्यांनी हसावं, हा कोकणातल्या घराघरांतला जुना विनोद आहे.

पत्ता करायचा म्हणजे काम केवढं! थरावर थर चिकटवायचे, त्याला चिंचोक्याची खळ. वर पांढरा लेप देऊन तो दगडाने घोटून गुळगुळीत करायचा. मग गोल कापायचं, रंग भरायचा, बारीक कुंचल्याने रेषा काढायच्या, शेवटी लाख. असं १२० वेळा. पुढे छापील विलायती पत्ते आले. ५२ पानं, स्वस्त, फाटली तर दुसरी आणा. गंजिफा हळूहळू माळ्यावर गेली. तसंच लाकडी खेळण्यांचं पुढे प्लास्टिकने केलं. चितारआळीतल्या पुढच्या पिढीने दुसरे उद्योग धरले, आणि त्यांना तरी दोष कसा द्यायचा? पोट कुंचल्यावर भरत नसेल तर माणूस करणार काय?

१९७० च्या दशकापर्यंत गंजिफा हाताने करणारे म्हणून पुंडलिक चितारी हे वयोवृद्ध कलावंत काय ते उरले होते. त्या वेळी श्रीमंत शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी जे केलं ते मला फार मोठं वाटतं. त्यांनी नुसतं कौतुक करून शाल-श्रीफळ दिलं नाही. पुंडलिकरावांकडून ते दोघं स्वतः ही कला शिकले, गावातल्या इतरांना शिकवण्याची सोय केली, आणि जागा कुठली दिली? राजवाड्याचा दरबार हॉल! जिथे एकेकाळी मुजरे झडले, तिथे कारागीर बैठी डेस्कं घेऊन बसले. आजही तुम्ही गेलात तर मांडी घालून पत्ते रंगवणाऱ्या बायाबापड्या दिसतील. बाजूला तयार वस्तू मांडलेल्या. काम होताना बघा, मग आवडलं तर घ्या. राणीसाहेब २०१८ साली गेल्या, पण काम थांबलं नाही. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफेला भौगोलिक मानांकनही मिळालं.

आता माझी गोष्ट. आजी गेल्यावर गावचं घर रिकामं करायला मी गेलो होतो. दोन दिवसांची रजा, डोक्यावर शंभर कामं. माळ्यावर ती डबी सापडली. मोजली तर काही पानं कमी होती. अपुरा संच, खेळणार कोण? पितळेची भांडी वेगळी काढली आणि बाकीच्या अडगळीबरोबर डबी भंगारवाल्याला दिली. त्याने तिचे वेगळे पैसेसुद्धा धरले नाहीत.

काही वर्षांनी मुलांना घेऊन राजवाडा बघायला गेलो. दरबार हॉलमध्ये एक ताई मत्स्याचा राजा रंगवत होत्या. मुलीने विचारलं, "एका पानाला किती वेळ लागतो?" ताई हसून म्हणाल्या, "घाई केलं तर बिघडता, म्हणान मोजूक नाय." मी संचाची किंमत विचारली आणि माझ्याही तोंडून तेच निघालं, "एवढे?" त्यांनी मान वर न करता रेष पूर्ण केली. तेव्हा मला माळा आठवला. तिथून मी पूर्ण संच घेऊ शकलो नाही, एक छोटी डबी घेतली. ती आमच्या शोकेसमध्ये आहे, कधीही येऊन बघा. हात मात्र धुऊन या!

म्हणून त्या दिवशी हॉलमध्ये काकूंनी तोरण सरळ केलं, तेव्हा मला त्या ताई दिसल्या. कला टिकते ती कुणीतरी तिला बसायला जागा देतं आणि कुणीतरी तिची किंमत मोजतं तेव्हा. राजवाडा आपल्याकडे नाही, पण हॉल आहे. गेल्या प्रदर्शनाला टेबलामागे भाडं घेतलं होतं, आणि दोघी-तिघींची विक्री त्या भाड्याएवढीही झाली नाही, हे मला नंतर कळलं. यंदा निम्म्याच जणी तयार आहेत.

रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने माझी व्यवस्थापक समितीला आणि सर्व सभासदांना एक विनंती आहे. वर्षातला एक शनिवार-रविवार हॉल हातकामासाठी बिनभाड्याने द्यावा. नुसत्या वस्तू मांडू नयेत, करणाऱ्यांनी तिथे बसून काम करावं आणि आपल्या नातवंडांनी ते बघावं. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी हा ठराव मांडणार आहे. अनुमोदक हवा आहे.

आणि तोरणाची किंमत ऐकून तोंडाशी "एवढे?" आलंच, तर एकदा विचारा, "करायला किती दिवस लागले?"

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाल्याबद्दल सर्वांचं अभिनंदन.