किट विमानाच्या जुळणीतील तफावत आणि तिचे निवारण

कारखान्यात तयार झालेले सुटे भाग आणून हौशी व्यक्तीने स्वतः जोडलेले विमान म्हणजे किट विमान. घरी विमान बांधण्याची कल्पना महाराष्ट्राला परिचित झाली ती वैमानिक अमोल यादव यांच्यामुळे. मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी बांधलेले सहा आसनी विमान २०१६ च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात मांडले गेले. २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. ते किटमधून जोडलेले नव्हते. किटमध्ये बहुतांश छिद्रे कारखान्यातच पाडलेली असतात. तरीही दोन पत्र्यांची छिद्रे कधी कधी समोरासमोर येत नाहीत.

अशा वेळी भाग ओढूनताणून बसवणे हा सर्वात घातक उपाय होय. त्यामुळे धातूत कायमचा ताण राहतो आणि उड्डाणातील कंपनांनी पुढे तडे जातात. प्रथम डावा-उजवा भाग उलटा लागला नाही ना, हे आराखड्यावरून पडताळावे. तापमानाचाही विचार हवा. तापमान १५ अंश सेल्सिअसने वाढले की ३ मीटर लांबीचा अॅल्युमिनियमचा भाग सुमारे १ मिलिमीटरने वाढतो. पाटोद्यासारख्या गावी उन्हाळ्यात एक भाग उन्हात व दुसरा सावलीत ठेवून मापे घेतल्यास दोष नसतानाही तफावत दिसेल.

किरकोळ फरक असल्यास भाग तात्पुरत्या पकडींनी जोडून छिद्र रीमरने साफ करता येते. छिद्र अंडाकृती झाल्यास उत्पादकाच्या संमतीने पुढच्या मापाचा रिव्हेट वापरतात. मात्र छिद्राच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंतचे अंतर साधारणतः रिव्हेटच्या व्यासाच्या दुप्पट तरी उरले पाहिजे; ४ मिलिमीटरच्या रिव्हेटला ८ मिलिमीटर. पंखाच्या मुख्य तुळईतील बोल्टची छिद्रे तर उत्पादकाला विचारल्याशिवाय मोठी करू नयेत.

पंख धडाला जोडताना ओळंबे सोडून दोन्ही पंख सरळ रेषेत आहेत का, हे पाहतात. शेपटीपासून दोन्ही पंखटोकांचे अंतर समान हवे आणि दोन्ही पंखांचा धडाशी कोनही सारखाच हवा. अनेक किटमध्ये मागील तुळईचे छिद्र या मोजणीनंतरच पाडतात.

काही दोष मोजपट्टीला सापडत नाहीत. अमेरिकेतील व्हॅन्स एअरक्राफ्ट या कंपनीच्या किटमधील लेसरने कापलेल्या काही छिद्रांना जोडणीच्या वेळी तडे जात असल्याचे २०२३ मध्ये उघड झाले आणि अनेक भाग बदलून द्यावे लागले. म्हणूनच प्रत्येक दुरुस्तीची तारीख, माप, छायाचित्र आणि उत्पादकाचे लेखी उत्तर बांधणीच्या नोंदवहीत जपून ठेवावे. रिव्हेटखाली झाकलेली दुरुस्ती पुढे तपासनिसाला या नोंदीवरूनच कळते.