आधी स्विच, मग फाइल सर्व्हर

वसई पूर्वेच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते. विजेची दुरुस्तीही बहुधा त्याच दिवशी निघते, म्हणून वालीव, सातिवलीच्या गाळ्यांमधले सर्व्हर शुक्रवारी बंद होतात आणि शनिवारी सकाळी सगळे एकदम उठतात. ते सांभाळणारी मी, त्यामुळे माझा खरा कामाचा दिवस शनिवार. चार मशीनवर सामायिक फोल्डर दिसतं, पाचव्यावर दिसत नाही. पुढच्या शनिवारी पाचव्यावर असतं, दुसऱ्यावर नसतं.

या दुखण्याचं मूळ 1984 पर्यंत जातं. सन मायक्रोसिस्टिम्सने नेटवर्कवरून फोल्डर वाटून देणारं एनएफएस आणलं तेव्हा रसेल सँडबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्व्हर कोसळणारच असं गृहीत धरलं होतं. म्हणून सर्व्हरने क्लायंटबद्दल काहीच लक्षात ठेवायचं नाही. प्रत्येक मागणीत लागेल ती सगळी माहिती असायची, आणि उत्तर आलं नाही तर क्लायंटने तीच मागणी पुन्हा पाठवायची. सर्व्हर तासाभराने परतला तरी अडलेलं काम तिथूनच पुढे चालू होतं. मला ही रचना आजही थोर वाटते. पण हा धीर फोल्डर एकदा माउंट झाल्यानंतरचा, म्हणजे मशीनला जोडलं गेल्यानंतरचा. मशीन चालू होतानाची पहिली जोडणी दुसऱ्या कुणीतरी वेळेवर करून द्यायची असते.

लोडशेडिंगच्या वर्षांत ते काम माणसं करायची. रॅकच्या दारावर कागद चिकटवलेला असे: आधी स्विच, मग फाइल सर्व्हर, तो पूर्ण उठला की बाकीची मशीनं. लाइट आली की वॉचमनसुद्धा त्या क्रमाने बटणं दाबायचा. मशीनच्या आतही तशीच रांग होती. जुन्या रेड हॅटमध्ये नेटवर्कच्या स्क्रिप्टचा क्रमांक 10, नेटवर्कवरची फोल्डरं जोडणारीचा 25. पहिली संपल्याशिवाय दुसरी सुरूच होत नसे.

2010 मध्ये या स्क्रिप्टांची जागा घेणारं सिस्टिमडी आलं आणि 2014 च्या रेड हॅट 7 बरोबर आमच्या गाळ्यांत पोचलं. आता कामं एकाच वेळी सुरू होऊ लागली. मशीनं लवकर उठू लागली, आणि कोण कुणासाठी थांबणार हे लिहून देणं भाग पडलं. रॅकवरचे कागद मात्र याच सुमारास निघाले.

शनिवारचा चोर शेवटी स्विचमध्ये सापडला. नेटवर्कमध्ये चक्र होऊ न देणारी स्पॅनिंग ट्री चालू असलेला जुन्या पद्धतीचा पोर्ट लिंक लागल्यावर 15 अधिक 15, असे 30 सेकंद काहीच पुढे जाऊ देत नाही. मशीनला वाटतं नेटवर्क आलं. ते डीएनएसला सर्व्हरचा पत्ता विचारतं, साधारण 10 सेकंदांत हार मानतं आणि माउंट तिथेच सोडून देतं. ज्या मशीनवर ड्रायव्हर लोड होताना लिंक तुटून पुन्हा लागते, तिथे ते 30 सेकंद नव्याने मोजले जातात. फाइल सर्व्हर स्वतःची डिस्क तपासत बसला, तर सिस्टिमडीची 90 सेकंदांची मुदत उलटून जाते, ते वेगळंच. दर शनिवारी बळी बदलत होता तो यामुळे.

उपाय साधे होते. मशीनच्या पोर्टांवर ते थांबणं बंद केलं, सर्व्हरचा पत्ता प्रत्येक मशीनच्या होस्ट फाइलमध्ये लिहिला आणि फोल्डर ऑटोमाउंटवर टाकलं, म्हणजे कुणी उघडेल तेव्हाच जोडलं जाईल. रॅकवरचा कागदही मी पुन्हा लावला. स्विचला आणि सर्व्हरला वेळ मिळवून देणारी त्याच्याइतकी खात्रीची गोष्ट माझ्याकडे दुसरी नाही.

त्या कागदावर एक ओळ वाढवली आहे. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीपासून सर्व्हर उघड्या फाइलींची आणि कुलपांची नोंद ठेवतो. लिनक्सवर तो उठल्यानंतर साधारण 90 सेकंद जुन्या क्लायंटना आपापली कुलपं परत मागू देतो, आणि तेवढा वेळ नवीन फाइल उघडताना स्क्रीन गोठल्यासारखी वाटते. गाळ्यातली मुलं घाबरून सर्व्हरचं बटण पुन्हा दाबतात आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून लिहिलंय: दोन मिनिटं हात लावू नका.