मेळघाटचा मुरूम कोणाचा?

'ग्रॅव्हल बायकिंग' हा शब्द आता आपल्याकडेही कानावर पडायला लागलाय. जाड टायरची, खाली वळलेल्या हँडलची सायकल घ्यायची, डांबर सोडायचं आणि मुरूम-खडीच्या कच्च्या रस्त्यांनी दिवसभर डोंगर-जंगल तुडवायचं. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया नावाच्या छोट्या गावात 2006 साली अशी शर्यत सुरू झाली. 2022 मध्ये इटलीत या प्रकाराचं पहिलं जागतिक अजिंक्यपद झालं. म्हणजे खेळ नवा आहे. पण तो ज्या रस्त्यांवर खेळायचा ते रस्ते जुने आहेत, आणि ते सायकलसाठी कुणी बांधलेले नाहीत.

आपल्या अमरावती जिल्ह्यातला मेळघाटच घ्या. नावातच घाटांचा मेळ. सातपुड्याच्या या रांगा वऱ्हाडाचं मैदान आणि उत्तरेकडचं तापीचं खोरं यांच्या मध्ये उभ्या आहेत. परतवाड्याहून एक फाटा चिखलदऱ्याला चढतो, दुसरा घटांग, सेमाडोह, हरिसाल करत धारणीला जातो. या दोन डांबरी रस्त्यांच्या दोन्ही अंगांना कच्च्या रस्त्यांचं जाळं आहे. सायकलवाल्यांना ते नकाशावर दिसतं आणि हात शिवशिवतात. साहजिक आहे. पण हे जाळं विणलं कोणी?

सुरुवात 1803 पासून करू. दुसरं इंग्रज-मराठा युद्ध चालू होतं. 29 नोव्हेंबरला अडगावच्या लढाईत नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला आणि इंग्रजांचा मोर्चा गाविलगडाकडे वळला. किल्ला आजच्या चिखलदऱ्याला लागूनच. दक्षिणेकडून सरळ कडा, त्यामुळे तोफा लावायच्या तर उत्तरेकडून, म्हणजे डोंगराला वळसा घालून न्यायला हव्यात. तिकडे रस्ताच नव्हता. मग कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने तो स्वतः केला. 7 डिसेंबरला एलिचपूर, म्हणजे आपलं अचलपूर, सोडलं आणि 12 तारखेला किल्ल्यासमोर मोर्चे खणायला सुरुवात झाली. जवळपास 30 मैलांची वाट फोडत, जड तोफा माणसांनी ओढत नेल्या. 15 डिसेंबरला गड पडला, किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. या मोहिमेचा सेनापती होता आर्थर वेलस्ली. यानेच पुढे 1815 साली वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव केला.

त्याआधी या डोंगरांत वाटा नव्हत्या असं नाही. कोरकूंच्या पाऊलवाटा होत्या, लमाणांचे बैलांचे तांडे जायचे. पण चाकाचा रस्ता या डोंगरात शिरला तो असा, तोफेच्या मागोमाग.

दुसरी पाळी लाकडाची. 1823 साली कॅप्टन रॉबिन्सन या अधिकाऱ्याने चिखलदरा 'शोधला' असं सांगतात. तिथे राहणाऱ्यांना तो आधीपासून माहीत होता, ते सोडा. 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे आला. 1867 ला रेल्वे नागपूरला पोचली. रेल्वेला स्लीपर हवेत, इमारतींना सागवान हवं, आणि ते मेळघाटात उभं होतं. मग जंगल राखीव झालं, कूप पडले, आणि कूपातून लाकूड काढायला गाडीरस्ते झाले. मजूर हवेत म्हणून जंगलात वनगावं वसवली गेली. रस्त्याला मुरूम टाकणारे, पावसाळ्यानंतर वाहून गेलेला भाग भरणारे, जाळरेषा साफ करणारे हात बहुतांशी कोरकूंचे.

इथे एक गंमत बघा. या रस्त्यांवर सायकल छान का चालते? लाकडाने भरलेली बैलगाडी खड्या चढावर ओढता येत नाही आणि उतारावर आवरत नाही. म्हणून रस्ता डोंगराच्या अंगाअंगाने, हळूहळू चढवत न्यावा लागतो. नाल्यावर पूल नाही, सखल रपटा. खाली काळा पातळ्या दगड, वर मुरूम, पाणी पटकन निचरून जातं. बैलाच्या दमाला झेपेल असा चढ, तोच आज सायकलवाल्याच्या पायांना झेपतो. सायकलवाला ज्याला 'सुंदर रूट' म्हणतो तो मुळात बैलाचा हिशेब आहे.

तिसरी पाळी वाघाची. 1973 ला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा देशातल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होता. लाकडाचे रस्ते गस्तीचे झाले. वाघासाठी ते गरजेचं होतं, यात वाद नाही. पण गावांच्या वाट्याला काय आलं? बोरी, कोहा, कुंड ही गावं पुनर्वसनात उठली. आज तिथे गवताची कुरणं आहेत, हरणं चरतात. तिकडे नेणारा रस्ता बघून कुणाला वाटेल की तो पहिल्यापासून निर्मनुष्यच होता.

जी गावं राहिली त्यांची गोष्ट उलटी. 1993 मध्ये मेळघाटातल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. तेव्हापासून किती समित्या, किती दौरे झाले, कोर्टात किती तारखा पडल्या. प्रत्येक वेळी एक मुद्दा येतोच: रस्ता. बाळंतीण अडली, रपट्यावरून पाणी चाललंय, गाडी अलीकडे थांबलीय. डॉ. रवींद्र आणि स्मिता कोल्हे यांना 2019 ला पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाने पोस्टी टाकल्या. डॉक्टर बैरागडला पायी चालत जायचे हे कौतुकाने लिहिलं. का चालावं लागायचं, हा प्रश्न त्या कौतुकात बुडाला.

कायदा काय म्हणतो तेही सांगतो. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) प्रमाणे रस्ता, शाळा, दवाखाना अशा 13 सोयींसाठी वनजमीन देता येते. अटी अशा: प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तुटायला नकोत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. आता हिशेब करा. रस्ता पाच मीटर रुंद धरला तर एक हेक्टरात दोन किलोमीटर बसतो. गाव दहा किलोमीटर आत असेल तर? शिवाय व्याघ्र प्रकल्पात वन्यजीव कायद्याच्या परवानग्या वेगळ्याच.

म्हणजे मुरमाचा तोच रस्ता, पण अर्थ तीन. सायकलवाल्याला तो कच्चा हवा, कारण त्यातच मजा. वाघाला कच्चा बरा, कारण गाड्या सुसाट जात नाहीत. आणि आतल्या गावातल्या बाईला तो बारमाही हवा, कारण तिच्या जिवाचा प्रश्न आहे. तिघांपैकी कोणीच खोटं बोलत नाही. फक्त आजवर तिसऱ्याला विचारलं गेलं नाही. तोफेच्या वेळी नाही, सागवानाच्या वेळी नाही, वाघाच्या वेळीही फारसं नाही. आता चौथी पाळी पर्यटनाची.

माझा सायकलला विरोध नाही. धूर नाही, हॉर्न नाही, जिप्सीपेक्षा बरीच. पण काही गोष्टी आधी ठरू द्या. गाभा क्षेत्रातले बंद रस्ते बंदच राहावेत. तिथला 'ट्रॅक' मोबाइलवरून जगजाहीर करणं हा पराक्रम नव्हे. बाहेरच्या पट्ट्यातले रस्ते खुले करायचे तर दिवसाउजेडी, गावातला वाटाड्या सोबत घेऊन, आणि त्याचा मोबदला ग्रामसभेत ठरवून. सगळ्यात महत्त्वाचं, कुठला रस्ता कच्चा ठेवायचा आणि कुठला पक्का करायचा याची यादी वनविभाग आणि ग्रामसभांनी एकत्र बसून करावी, गावागणिक. ज्या रस्त्याच्या टोकाला माणसं राहतात, तिथे रुग्णवाहिकेचा हक्क पहिला. तिथला कच्चेपणा आपल्या हौसेसाठी जपायचा नाही.

मेळघाटातल्या मित्रांनो, तुमच्या गावचा रस्ता पावसाळ्यात किती दिवस बंद असतो ते खाली लिहा. रपट्याचं, नाल्याचं नाव घालून लिहा. सायकलवाल्यांचे नकाशे होत राहतील, आधी हा नकाशा तयार करू.