नझूल आणि मंजिल

वर्गात मी मुलांना अधूनमधून शब्दांची मुळे शोधायला लावतो. अरबीत नून-झे-लाम या तीन अक्षरांचा अर्थ 'उतरणे'. त्यातून 'मंजिल' आला, म्हणजे मुसाफिराने उतरायची, मुक्कामाची जागा. त्याच मुळातून 'नुझूल' आला. विदर्भात तोच 'नझूल' झाला, म्हणजे गावा-शहरातली सरकारी मालकीची बिगरशेती जागा. भाषेच्या घरात हे दोघे सख्खे भाऊ. आमच्या दिग्रसच्या गरिबाला मात्र पहिला भाऊ दुसऱ्यापर्यंत पोहोचू देत नाही.

मागच्या पावसाळ्यात एका विद्यार्थिनीची आई घरकुलाची फाइल घेऊन शाळेत आली. "सर, जरा देखो ना, इसमें क्या कम है?" फाइलमध्ये आधार होते, रेशनकार्ड होते, उत्पन्नाचा दाखला होता. सासऱ्यांच्या वेळेपासूनच्या घरपट्टीच्या पावत्या तिने सुतळीने बांधून ठेवल्या होत्या. नव्हती ती फक्त आखीव पत्रिका. टिनाचे छत गळते आहे, हे सगळ्यांना मान्य होते. पण त्या छताखालची जमीन तिची आहे, हे सांगणारा कागद नव्हता. घरपट्टीची पावती कर भरल्याचा पुरावा असते, मालकीचा नाही, हे तिला समजावताना माझीच जीभ जड झाली.

हा कागद का नाही, याचे उत्तर शोधायला दीडशे वर्षांहून अधिक मागे जावे लागते. १८५३ च्या तहाने निजामाचा वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. त्यांना हवा होता कापूस आणि शेतसारा. म्हणून मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी आली, शेते मोजली गेली, त्यांना सर्व्हे नंबर पडले. शेताच्या मानाने वस्तीतल्या घरांच्या जागेची नोंद मागेच राहिली. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. राज्ये बदलली, महसुलाचे कायदे बदलले, 'नझूल' हा शब्द तसाच राहिला.

स्वातंत्र्यानंतर घरांचा विचार झाला नाही असे नाही. १९५२ ची औद्योगिक कामगारांसाठीची गृहयोजना कारखान्यांच्या शहरांकडे पाहत होती. हंगाम संपला की काम संपणाऱ्या जिनिंगच्या मजुराला तिचा फारसा उपयोग नव्हता. १९७६ च्या कायद्याने म्हाडा आले. आपला जिल्हा तिच्या अमरावती मंडळात येतो. २००१ मध्ये वाल्मीकी-आंबेडकर आवास योजना आली. २००५ मध्ये लहान शहरांच्या झोपडपट्ट्यांसाठी एकात्मिक कार्यक्रम आला. २०१५ मध्ये पंतप्रधान आवास योजना आली. तिच्यात स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख असे अडीच लाख रुपये टप्प्याटप्प्याने मिळतात. अट साधी आहे: जागा स्वतःची हवी. म्हणजे ज्याच्याकडे निदान जमीन आहे त्याला मदत, आणि ज्याच्याकडे तीही नाही त्याने थांबायचे. खेड्यात भूमिहीनाला जागा घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून अर्थसाहाय्य तरी आहे. पण ती योजना ग्रामीण भागाची, नगर परिषदेच्या हद्दीतल्या माणसाला ती लागू नाही.

आपल्या समाजाची एक अडचण यात मिसळते. बाप हयातीतच मुलांना घर तोंडी हिबा करून देतो. कायदा तो मानतो, नोंदणीची सक्तीही करत नाही. पण पुढे तीन भाऊ तीन चुली मांडतात आणि कागदावर आजोबाच राहतात. वारसांची नावे चढवलेली नसतात. जागा खरोखर आपली असलेली घरेसुद्धा मग योजनेच्या बाहेर राहतात. हा दोष सरकारचा नाही, आपला आहे.

सरकारी जागेवरच्या जुन्या घरांसाठी दरवाजा अगदी बंद नाही. २०१८ मध्ये राज्याने शहरी भागासाठी निर्णय काढला. 'सर्वांसाठी घरे' योजनेसाठी १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे अटींवर नियमानुकूल करता येतात. पण त्यासाठी मोजणी हवी, यादी हवी, आणि गरिबाच्या मागे लागून कागद पूर्ण करून घेणारा कोणीतरी हवा. झोपडपट्टी सुधारणा आणि शहरी गरिबी निर्मूलन हे विषय ७४ व्या घटनादुरुस्तीने, १९९३ पासून, नगरपालिकांच्या यादीत आले आहेत. ते 'कोणीतरी' म्हणजे आपण निवडलेली नगर परिषदच. मधली काही वर्षे राज्यातल्या बहुतेक नगर परिषदांवर प्रशासक होते. नगरसेवकच नव्हता, तर विचारायचे कोणाला?

वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्ग दिग्रसवरून जातो आहे. रेल्वे येईल तेव्हा जागेचे भाव आजचे राहणार नाहीत. ज्याच्याकडे कागद आहे त्याला भाव मिळेल. ज्याच्याकडे नाही त्याला नोटीस.

म्हणून माझी विनंती दोघांना. घरच्यांनी वारसनोंद आणि फेरफार या महिन्यात करून घ्यावेत. हिबा तोंडी केला असेल तर निदान लिहून, साक्षीदारांच्या सह्या घेऊन ठेवावा. आणि नगरसेवक दारात आला की नालीच्या आधी त्याला एक प्रश्न विचारावा: आपल्या वॉर्डातली किती घरे नझूलवर आहेत, आणि त्यांची मोजणी कधी?

त्या बाईंचा अर्ज मी लिहून दिला. मोजणी व्हावी, एवढीच मागणी त्यात आहे. पोच मिळाली आहे. पावत्यांच्या गठ्ठ्यात तिने तीही बांधून ठेवली.