पाळी कोणाची?

आज हर्सूल म्हणजे छत्रपती संभाजीनगरचाच एक भाग. सतराव्या शतकाच्या आरंभी या शहराचे नाव खडकी होते, आणि तेव्हा मलिक अंबरने उत्तरेकडच्या डोंगरपायथ्याचे पाणी भुयारी नहरीने शहरात आणले. पण नहर खोदली म्हणजे संपले असे नाही. पाणी मोजके, पिणारे पुष्कळ. तेव्हा कोणाला, केव्हा, किती, हे कोणीतरी ठरवावेच लागते. धुळे-नाशिककडच्या जुन्या फड पद्धतीत हे काम पाटकऱ्याचे. त्याने पाळी दिल्याशिवाय कोणी दारे धरायचे नाही.

विसाव्या शतकात हाच प्रश्न बिनतारी लहरींच्या वाट्याला आला. लहरींचा पट्टाही मोजकाच, आणि त्यावरून निरोप धाडणारे अनेक. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी ‘अलोहा’ नावाचे संगणकांचे बिनतारी जाळे चालू केले. त्यात पाटकरी नव्हताच! ज्याला वाटेल त्याने वाटेल तेव्हा निरोप धाडावा. दोघांचे एकदम आले तर दोन्ही वाया. मग थोडे थांबून पुन्हा धाडावे. हिशेब केला तेव्हा दिसले, की फार तर १८ टक्के वेळ कामी येतो. पुढे वेळेचे ठराविक तुकडे पाडले, तेव्हा तो ३७ टक्क्यांपर्यंत गेला.

मग पाटकरी आला. डिसेंबर २००१ मध्ये मंजूर झालेल्या ‘८०२.१६’ या मानकाने पाळी देण्याचे काम मनोऱ्याकडे सोपवले आणि मागणीचे चार वर्ग पाडले. टेलिफोनच्या बोलण्याला न मागता ठराविक वाटा. हलत्या चित्राला वरचेवर मागण्याची संधी. मोठ्या दस्तऐवजाला किमान हमी. बाकीच्यांना जमेल तसे. बोलण्यात एक शब्द उशिरा आला तर संभाषण मोडते. पत्र दोन क्षण उशिरा आले तर काय बिघडते? २००५ च्या सुधारणेत पाचवा वर्ग आला. माणूस बोलता बोलता गप्प राहिला, की त्याचा वाटा तेवढ्यापुरता आखडता घ्यायचा.

आपल्या देशात जून २०१० मध्ये अशा बिनतारी ब्रॉडबँडच्या लहरींचा लिलाव झाला. सरकारला सुमारे ३८,५०० कोटी रुपये मिळाले, आणि त्याच लहरींवर पुढे फोर-जी सेवा आली. फोर-जीचा मनोरा तर सेकंदाच्या हजाराव्या भागाला पाळी बदलतो.

पण खरा तिढा पुढेच आहे बघा. मनोऱ्याजवळच्या घराला लहर स्वच्छ मिळते, लांबच्याला क्षीण. एकूण माल जास्तीत जास्त वाहावा एवढेच पाहिले, तर सगळी पाळी जवळच्यांनाच जाईल. पाटाच्या शेपटाकडचा शेतकरी कोरडा राहतो, तसेच हे! केंब्रिजचे गणिती फ्रँक केली यांनी १९९७ साली प्रमाणशीर न्यायाची कल्पना मांडली. अभियंत्यांनी ती बिनतारी पाळीत उतरवली. आता किती नेता येईल, याला आजवर किती मिळाले याने भागायचे. ज्याला कमी मिळाले, त्याचा हक्क आपोआप वर चढतो.

तेव्हा, शेवटच्या घरातल्या मुलाचा धडा मध्येच अडला, तर ‘यंत्राला काय कळते’ म्हणून सोडून देऊ नये. यंत्र पाळी देते खरे. पण पाळीचा नियम माणसानेच लिहिलेला असतो, आणि तो कोणासाठी लिहिला हे विचारण्याचा अधिकार शेपटाकडच्यालाही आहे.