रखवालीची शाळा

धुळ्याहून आग्रा रोडने उत्तरेला निघालं की वीसेक किलोमीटरवर सोनगीर लागतं. बाजारात तांब्या-पितळेची भांडी, गावाच्या डोक्यावर किल्ला, पायथ्याशी महामार्ग. नर्मदेकडे जाणारी ही वाट ज्याच्या नजरेत, त्याच्या हाती बंदोबस्त, हे किल्ला बांधणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. आज या पट्ट्यात पहाटे रस्त्याच्या कडेने पोरं-पोरी धावताना दिसतात. घरी विचारलं तर उत्तर येतं, ‘पोऱ्या भरतीनी तयारी करी ऱ्हायना.’ पोलीस, राज्य राखीव दल, सीमा सुरक्षा दल, जिथे जागा निघेल तिथे अर्ज.

अंतर्गत सुरक्षेत जायचं तर आधी गुन्हा, तपास, पुरावा आणि न्याय शिकावा, ही गोष्ट आपल्याला अलीकडची वाटते. खान्देशात तिचं मूळ दोनशे वर्षं मागे जातं, आणि ते सुखाचं नाही.

१८१८मध्ये पेशवाई बुडाली आणि खान्देश कंपनी सरकारकडे आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने कारभारासाठी धुळे निवडलं. सातपुडा आणि सातमाळ्यातले भिल्ल नाईक तेव्हा घाटवाटांचे धनी होते. रखवालीच्या बदल्यात हक्क घ्यायचे, हा त्यांचा जुना रिवाज. हक्क बुडाले की लूट सुरू व्हायची. सरकारने पलटणी धाडल्या. डोंगरातल्या तापाने शिपाई आजारी पडले, नाईक निसटत राहिले, आणि अशी सात वर्षं गेली.

१८२५मध्ये मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या काळात धोरण बदललं. भिल्लांना शेतीसाठी जमीन आणि तगाई द्यायची, त्यांच्या तक्रारी ऐकायला स्वतंत्र अधिकारी नेमायचे आणि त्यांच्यातूनच एक पलटण उभी करायची. पलटणीचं काम जेम्स आउट्रम या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटकडे आलं. तो भिल्लांमध्ये राहिला, त्यांच्यासोबत वाघाच्या शिकारीला गेला, पहाऱ्याशिवाय त्यांच्यात झोपला. त्यातून खान्देश भिल्ल कोअर उभी राहिली आणि धरणगाव तिचं ठाणं झालं. ज्यांना कालपर्यंत गुन्हेगार म्हणून हुडकलं, तेच आता कवायत शिकून रस्ते राखू लागले. माझ्या मते खान्देशातल्या सुरक्षा-शिक्षणाचा पहिला वर्ग धरणगावात भरला. त्यात शिस्त होती, बंदूक होती, माणसांची ओळख होती. न्यायाचा धडा मात्र नव्हता.

त्याची किंमत आग्रा रोडवरच मोजावी लागली. सेंधवा घाटाची राखण बरीच वर्षं भिल्ल सरदार खाज्या नाईकांकडे होती. ताब्यातल्या एका संशयिताला मारहाण झाली, तो मेला आणि राखणदार स्वतःच तुरुंगात गेला. सुटल्यावर सरकारने त्यांना पुन्हा कामावर घेतलं, पण १८५७च्या उठावात ते भिल्ल पुढारी भीमा नायकांसोबत सरकारविरुद्ध उभे राहिले. त्या नोव्हेंबरात या रस्त्यावरून चाललेला सुमारे ७ लाखांचा सरकारी खजिना लुटला गेला. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात अंबापाणीला लढाई झाली, तेव्हा सरकारच्या बाजूने धरणगावची भिल्ल कोअरही लढली. भिल्लावर भिल्ल उभा केला गेला. पकडलेल्यांपैकी अनेकांना तिथल्या तिथे लष्करी न्यायालय भरवून गोळ्या घातल्या. साक्ष, वकील, अपील यांतलं काहीही त्यांच्या वाट्याला आलं नाही. हा प्रसंग वाचून मी दर वेळी थांबतो.

पुढचं सगळं लवकर घडलं. १८६१चा पोलीस कायदा, १८६२पासून लागू झालेली दंडसंहिता, १८७२चा पुरावा कायदा. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही, हा नियम मला त्यात सर्वांत मोलाचा वाटतो. मारून वदवून घेतलेल्या शब्दांची किंमतच त्याने काढून घेतली. पूर्वी तो पुरावा कायद्याचं २५वं कलम होता, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं २३वं आहे. पण त्याच सरकारने १८७१मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा करून जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरवलं. तो रद्द व्हायला १९५२ उजाडलं. भिल्ल कोअर तोवर केव्हाच संपली होती. १८९१मध्ये ती पोलीस दलात विलीन झाली.

पोलिसाला रीतसर शाळा हवी, हे फ्रेझर आयोगाने १९०२-०३मध्ये ठासून सांगितलं. १९०६मध्ये पुण्यात भांबुर्ड्याला सुरू झालेली प्रशिक्षण शाळा १९०९मध्ये नाशिकला गेली. आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी तिचीच वंशज. धुळ्यातही आज पोलीस प्रशिक्षण केंद्र आणि राज्य राखीव दलाचा गट क्रमांक ६ आहे. निवड झालेल्याला तिथे कवायतीबरोबर कायदा शिकवतात.

पण तो शिकवला जातो निवडीनंतर. शिपाई भरतीत मैदानाला ५० गुण: १६०० मीटर धावणं, १०० मीटर, गोळाफेक. मुलींसाठी मोठी धाव ८०० मीटरची. लेखीला १०० गुण: गणित, बुद्धिमत्ता, सामान्यज्ञान, मराठी व्याकरण. त्यामुळे सोनगीरची मुलगी पायाने तयार होते आणि कायद्याची पहिली ओळख तिला गणवेशात होते. बारावीनंतर वेगळी वाट धरायची तर गांधीनगरला २०२०च्या केंद्रीय कायद्याने राष्ट्रीय दर्जा मिळालेलं राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ आहे. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. हे पर्याय खान्देशातल्या कनिष्ठ महाविद्यालयांच्या फलकांवर लागले पाहिजेत.

१ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने पोलिसांचं कामही बदललं आहे. सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आणि त्याचं चित्रीकरण करायचं. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. तज्ज्ञ धुळ्याहून पोहोचेपर्यंत जागा राखायची ती ठाण्यातल्या शिपायाने. कशाला हात लावायचा नाही, कुणाला आत सोडायचं नाही, कोणती नोंद कोणत्या वेळी करायची, हे त्या एक-दोन तासांत चुकलं तर खटला तिथेच लंगडा होतो. लेखी परीक्षेच्या शंभरातले निदान दहा गुण या कायद्यासाठी राखून ठेवावेत, अशी माझी गृहखात्याकडे मागणी आहे.